परवाना आहे, पिस्तूल आहे. मग नागझिऱ्याच्या फाटकावर का अडतं?

वडिलोपार्जित पिस्तूल, त्याचा रीतसर परवाना आणि दोन दिवसांची नागझिरा सहल. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर पूर्णपणे कायदेशीर आहेत. पण तिन्ही एकाच गाडीत एकत्र आल्या आणि ती गाडी अभयारण्याच्या फाटकातून आत गेली, तर गुन्हा होतो.

जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांचे शौकीन आपल्याकडे संख्येने थोडे असले, तरी त्यांच्यातले वाद जोरात चालतात. कोल्ट चांगलं की वॉल्थर? पिस्तूल भरोशाचं की रिव्हॉल्व्हर? ते कपाटात ठेवायचं की कमरेला लावायचं? या वादांत एक गोष्ट मात्र बऱ्याचदा निसटते. भारतात शस्त्र मालकीचं असणं आणि ते सोबत घेऊन फिरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक नेमका कुठे आहे, हे गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठे दिसतं.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल म्हणजे काय?

बोलीभाषेत कमरेला लावायच्या कोणत्याही छोट्या बंदुकीला पिस्तूल म्हणतात. मुंबईत तिला 'घोडा' म्हणतात, तर गावठी बनावटीची असेल तर 'कट्टा'. पण रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांची रचना वेगळी असते.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं फिरत्या गोल चक्रात बसतात. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात ती मुठीच्या आत, मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. चाप ओढला की एक गोळी सुटते. स्फोटाच्या धक्क्याने वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जातो, रिकामं टरफल बाहेर फेकतो आणि पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या कप्प्यात ढकलतो. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, म्हणून हे 'सेमी' ऑटोमॅटिक. चाप दाबून धरल्यावर गोळ्यांची फैर झडते ती शस्त्रं पूर्ण ऑटोमॅटिक. त्यांचा सामान्य नागरिकांच्या परवान्याशी संबंध नाही.

या रचनेतून एक धोकाही येतो. मॅगझिन काढून घेतलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं नसतं. एक काडतूस कप्प्यात शिल्लक असू शकतं. 'मॅगझिन काढलं होतं, तरी गोळी सुटली' अशा अपघातांचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

'क्लासिक' पिस्तुलं कोणती?

शौकिनांच्या यादीतली बरीच नावं एका माणसापर्यंत जाऊन पोहोचतात. तो म्हणजे अमेरिकी बंदूक रचनाकार जॉन ब्राऊनिंग (१८५५–१९२६). बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी त्याने केलेली छोटी पिस्तुलं, कोल्ट कंपनीचं १९०३ सालचं खिशात मावणारं पिस्तूल आणि अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेलं .४५ बोअरचं 'कोल्ट १९११' ही त्याचीच कामं. 'कोल्ट १९११' हे १९८५ पर्यंत अमेरिकी सैन्याचं प्रमाणित पिस्तूल होतं. १३ काडतुसांचं मॅगझिन असलेलं 'ब्राऊनिंग हाय-पॉवर' त्याच्या मृत्यूनंतर, १९३५ मध्ये आलं. ते बेल्जियन रचनाकार द्यूदोने साइव्ह याने पूर्णत्वाला नेलं होतं. पुढे त्याचीच भारतीय आवृत्ती पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार झाली आणि ती सैन्य व पोलिसांच्या कमरेला दिसू लागली.

जर्मनीची नावं वेगळी. १८९६ सालचं माऊझर, लुगर आणि १९२९ सालचं वॉल्थर पीपी. या पीपीचाच आखूड भाऊ म्हणजे पीपीके. तोच पडद्यावरच्या जेम्स बाँडचं पिस्तूल म्हणून जगाला माहीत झाला.

महाराष्ट्राच्या इतिहासातलं ब्राऊनिंग

ही पिस्तुलं महाराष्ट्रात कुतूहलाची वस्तू म्हणून आली नाहीत. १९०९ मध्ये लंडनच्या इंडिया हाऊसमधून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत २० ब्राऊनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून भारतात आली. ती विनायक दामोदर सावरकरांनी पाठवली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या ब्राऊनिंग पिस्तुलानेच. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पिस्तुलं पुरवल्याच्या आरोपावरून सावरकरांना जन्मठेप झाली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येत वापरलेलं पिस्तूलही याच पिढीचं होतं. ते होतं इटलीचं १९३४ सालच्या मॉडेलचं बेरेटा.

त्या काळी भारतात १८७८ चा इंग्रजी शस्त्र कायदा लागू होता. सामान्य भारतीयाच्या हातात शस्त्र जाऊ नये, हा त्याचा हेतू उघड होता. स्वतंत्र भारताने तो रद्द करून १९५९ चा शस्त्र अधिनियम आणला. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. आज त्याच्या जोडीला २०१६ चे शस्त्र नियम आहेत. या कायद्याने नागरिकाला परवान्याची वाट दिली. पण शस्त्र बाळगणं हा त्याचा मूलभूत हक्क मानला नाही.

भारतात यातली कोणती पिस्तुलं ठेवता येतात?

इथेच शौकिनांची निराशा सुरू होते. कायद्याने काही बोअर 'प्रतिबंधित' ठरवले आहेत. सैन्य आणि पोलिसांचं ९ मिमी काडतूस किंवा .४५ चं काडतूस ज्यात बसतं आणि सुटतं, अशी पिस्तुलं त्यात येतात. म्हणजे कोल्ट १९११, हाय-पॉवर आणि ९ मिमी लुगर ही तिन्ही गाजलेली पिस्तुलं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. प्रतिबंधित बोअरचा परवाना फक्त केंद्र सरकार देतं आणि तोही गंभीर धोका असलेल्यांसारख्या मोजक्या व्यक्तींना.

उरतं ते मुख्यतः .३२ बोअर. कोल्ट १९०३, एफएन १९१०, वॉल्थर पीपी आणि पीपीके, वेब्ली अँड स्कॉट ही नावं भारतीय शौकिनांच्या तोंडी जास्त असतात ती यामुळेच. ही सगळी .३२ मध्ये बनलेली आहेत. त्याशिवाय .२५ आणि .२२ चीही काही पिस्तुलं आहेत.

१९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे देशात आधीच आलेली जुनी पिस्तुलंच हातोहाती फिरत राहिली. परदेशात साधारण समजलं जाणारं एखादं .३२ चं पिस्तूल इथे कैक पटींनी महाग विकलं जातं, त्याचं कारण हेच. नव्यासाठी सरकारी आयुध कारखान्यांची .३२ ची रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलं आहेत.

'.३२' या आकड्याने अनेकांची फसगत होते. .३२ रिव्हॉल्व्हर आणि .३२ पिस्तूल यांची काडतुसं वेगळी असतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, पिस्तुलाचं आखूड. परवान्यावर फक्त '.३२' वाचून एकाची काडतुसं दुसऱ्यासाठी घेऊ नयेत.

बाळगण्याबद्दल शौकीन काय म्हणतात?

पहिला वाद पिस्तूल विरुद्ध रिव्हॉल्व्हरचा. रिव्हॉल्व्हरवाल्यांचं म्हणणं साधं असतं: काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढा, चक्र फिरून पुढचं काडतूस समोर येतं. त्यात मॅगझिनची स्प्रिंग नाही, स्लाइड अडकणं नाही. पिस्तूलवाले सांगतात की पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली दिसत नाही आणि दुसरं मॅगझिन क्षणात बसतं. जुन्या .३२ पिस्तुलांत साधारण सात ते आठ काडतुसं मावतात, रिव्हॉल्व्हरमध्ये सहा.

दुसरा वाद जुनं की नवं, हा. जुन्याचे चाहते पोलादाच्या घडणीबद्दल, हाताने घासून बसवलेल्या भागांबद्दल आणि निळसर काळ्या झिलईबद्दल बोलतात. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, ८०–९० वर्षांपूर्वीच्या स्प्रिंगवर जीव सोपवायचा का? सुटे भाग सहज मिळत नाहीत. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. काडतुसं जुनी असतील तर ती फुसकी निघण्याची भीती असते. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एकच: जुनं पिस्तूल जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय चालवू नये.

तिसरा वाद झिलईचा. गंजाचे डाग आलेलं पिस्तूल नव्याने झिलई देऊन चकचकीत करावं का? संग्रहाची नजर असलेले ठामपणे नाही म्हणतात, कारण मूळ पृष्ठभाग आणि कोरलेल्या खुणा गेल्या की वस्तूचं ऐतिहासिक मोल जातं. वापरणाऱ्याला मात्र गंज थांबणं महत्त्वाचं वाटतं. कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब वेगळीच आहे. शस्त्रावरचा क्रमांक आणि ओळखखुणा पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. झिलई करताना क्रमांक घासला गेला, तर 'सफाई केली' हे उत्तर पुरत नाही.

आणि सोबत नेण्याबद्दल?

इथे मतं आणखी टोकाची होतात. पहिल्या गटाचा प्रश्न असतो: घरी कपाटात ठेवायचं तर स्वसंरक्षणासाठी परवाना घेतला कशाला? संकट विचारून येत नाही. सराफ, पेट्रोलपंपचालक, रात्री रोकड घेऊन ये-जा करणारे व्यापारी यांचा हा युक्तिवाद वजनदार आहे आणि परवाना देणारी यंत्रणाही त्याचा विचार करते.

दुसऱ्या गटात अनेक वर्षं शस्त्र बाळगलेले लोक बरेचदा असतात. त्यांच्या मते कमरेला पिस्तूल लावलेला माणूस मोकळा राहत नाही. भांडणात मागे हटावं लागतं, दारू टाळावी लागते, गर्दीत हात कमरेवर राहतो. पिस्तूल हिसकावलं गेलं किंवा हरवलं तर जबाबदारी त्याचीच. ज्याला हे ओझं नको, त्याने ते लावू नये.

तांत्रिक मतभेदही आहेत. पिस्तुलाच्या कप्प्यात काडतूस भरून न्यावं की कप्पा रिकामा ठेवावा? कोल्ट १९११ घोडा मागे ओढून, सेफ्टी लावून नेण्याची पद्धत अमेरिकेत रुजलेली आहे. तिचे समर्थक म्हणतात की संकटात स्लाइड ओढायला वेळ मिळत नाही. पण हाच सल्ला शंभर वर्षांपूर्वीच्या .३२ च्या पिस्तुलांना सरसकट लावणं धोक्याचं आहे. त्या काळच्या बऱ्याच पिस्तुलांत पडल्यावर गोळी सुटू नये म्हणून आजच्यासारखी अंतर्गत अडसराची सोय नाही. म्हणून जुन्या पिस्तुलांचे जाणकार कप्पा रिकामा ठेवण्याच्याच बाजूचे असतात.

परवाना नेमकी कशाची मुभा देतो?

परवाना जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी देतात, तर पोलीस आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्त. म्हणजे नागपूर शहरातल्या अर्जदाराचं दार वेगळं, गोंदियाच्या अर्जदाराचं वेगळं. वयाची किमान अट २१ वर्षं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात असावी लागते आणि त्यावर विशिष्ट ओळख क्रमांक असावा लागतो.

सोबत नेण्यापूर्वी परवान्यावरच्या या गोष्टी वाचाव्यात:

• क्षेत्र. परवाना राज्यापुरता आहे की देशभर, हे त्यावर लिहिलेलं असतं. गोंदिया जिल्ह्यात याला फार महत्त्व आहे. देवरीच्या पुढे महामार्ग छत्तीसगडमध्ये शिरतो आणि गोंदियाहून उत्तरेला बालाघाटकडे गेलं की मध्य प्रदेश. महाराष्ट्रापुरता परवाना या सीमा ओलांडत नाही.

• पद्धत. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेलं आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं. ते काढून दाखवणं, मिरवणं यामुळे परवाना जाऊ शकतो.

• प्रसंग. लग्नात, मिरवणुकीत आनंदाने हवेत गोळीबार केला आणि त्यातून कुणाच्या जिवाला धोका निर्माण झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. कोणी जमा करायचं हे ठरवण्यासाठी छाननी समिती असते. ज्याला नोटीस आली त्याने ती गांभीर्याने घ्यावी.

नागझिऱ्यात काय बदलतं?

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं. शेजारचं नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये या सगळ्या जंगलाचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तो गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरला आहे. चोरखमारा, पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी ही त्याची प्रवेशद्वारं पर्यटकांना ओळखीची आहेत.

इथे शस्त्र कायद्याच्या वर आणखी एक कायदा बसतो: १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम. त्याचं कलम ३१ छोटं आणि स्पष्ट आहे. मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांची आधी घेतलेली लेखी परवानगी नसेल, तर कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाऊ शकत नाही. हे कलम परवानाधारक आणि बिनपरवाना असा भेद करत नाही. 'माझा परवाना देशभर चालतो' हे इथे उत्तर नाही, कारण प्रश्न शस्त्र कायदेशीर आहे का, हा नसतोच. ते इथे आत आणता येतं का, हा असतो. पर्यटनासाठी घेतलेली सफारीची पावती ही प्रवेशाची परवानगी आहे, शस्त्राची नाही.

या अधिनियमाच्या साध्या उल्लंघनालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. शस्त्र जप्त होतं. शिकारीचा गुन्हा असेल तर शिक्षा वाढते: अभयारण्यातल्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. गुन्ह्यात वापरलेलं शस्त्र सरकारजमा होऊ शकतं. शिवाय दोषी ठरलेल्याचा शस्त्रपरवाना रद्द करण्याचा आणि त्याला पाच वर्षं नवा परवाना न देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तीन पिढ्या जपलेलं पिस्तूल एका सहलीत गमावण्याची ही वाट आहे.

जंगलाभोवतीच्या गावांसाठी दहा किलोमीटरचा नियम

याच अधिनियमाचं कलम ३४ पर्यटकांपेक्षा स्थानिकांना जास्त लागू होतं. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकाने आपलं नाव वनविभागाकडे नोंदवणं बंधनकारक आहे. आणि या दहा किलोमीटरच्या परिघात नवा शस्त्रपरवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, पोलिसांचा अहवाल चांगला आला, तरी वनविभागाच्या संमतीशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

यावर दोन प्रामाणिक मतं आहेत. जंगलकाठचा शेतकरी म्हणतो की रानडुकरं धान खातात, रात्री जागलीला जावं लागतं, मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरावं लागतं. ज्याला धोका जास्त त्यालाच परवाना अवघड, हा कुठला न्याय? वनविभागाच्या बाजूचा युक्तिवाद असा की जंगलाभोवती जितकी शस्त्रं जास्त, तितकी शिकारीची संधी जास्त, आणि एका गोळीने गेलेला वाघ परत येत नाही. दोन्ही बाजूंचं दुखणं खरं आहे. कायद्याने मात्र कौल जंगलाच्या बाजूने दिला आहे.

एक तपशील जुन्या परवान्यांचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे या गावांतल्या त्याआधीच्या परवान्यांवर भंडाऱ्याचा शिक्का असणार. असा जुना परवाना घरात सापडला, तर तो चालू आहे का, त्याची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात गेली आहे का आणि कलम ३४ ची नोंदणी झाली आहे का, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

'पण वाघ-अस्वल समोर आलं तर?'

पिस्तूल नेण्याच्या समर्थनार्थ सगळ्यात जास्त वेळा पुढे येणारा प्रश्न हाच. त्याची दोन उत्तरं आहेत, एक कायद्याचं आणि एक भौतिकशास्त्राचं.

कायदा सांगतो की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, सद्हेतूने वन्यप्राणी मारला किंवा जखमी केला गेला तर तो गुन्हा नाही. ही तरतूद कलम ११ मध्ये आहे. पण त्याच कलमाला एक अट जोडलेली आहे: बचावाची वेळ आली तेव्हा ती व्यक्ती स्वतःच या अधिनियमाचं उल्लंघन करत असेल, तर तिला हे संरक्षण मिळत नाही. जो माणूस विनापरवानगी पिस्तूल घेऊन अभयारण्यात शिरला आहे, तो त्या क्षणी उल्लंघनच करत असतो. म्हणजे स्वसंरक्षणासाठी नेलेलं पिस्तूलच स्वसंरक्षणाचा बचाव हिरावून घेतं.

भौतिकशास्त्राचं उत्तरही तितकंच कोरडं आहे. .३२ पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा नळीतून बाहेर पडताना साधारण १७५ ज्यूल असते. .४५ कोल्टची ५०० ज्यूलच्या आसपास. जुन्या .३०३ रायफलची मात्र ३,००० ज्यूलहून अधिक. .३२ चं पिस्तूल खिशात मावावं म्हणून बनलं. अंगावर धावून येणाऱ्या अस्वलाला किंवा रानगव्याला थांबवण्यासाठी ते बनलेलं नाही. अशी गोळी प्राण्याला बहुधा फक्त जखमी करते. आणि जखमी अस्वल किंवा बिबट्या मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी जास्त धोकादायक ठरतो. दुसऱ्या दिवशी सरपणाला जाणाऱ्या बाईकडे पिस्तूल नसतं.

जंगलात राहणारे लोक वेगळ्या गोष्टींवर भरोसा ठेवतात: एकट्याने न जाणं, बोलत-आवाज करत चालणं, पहाटे आणि तिन्हीसांजेला झुडपी रान टाळणं, मोह वेचताना बसण्याआधी चारी बाजू पाहणं. पर्यटकासाठी तर नियम याहून सोपा आहे. गाडीतून उतरू नये.

सहलीला जाताना पिस्तुलाचं काय करायचं?

सर्वात चांगलं म्हणजे ते घरीच, कुलूपबंद तिजोरीत, काडतुसं वेगळी करून ठेवणं. घर बंद राहणार असेल तर सुरक्षित ठेवीची परवानगी असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करता येतं.

टाळायची गोष्ट म्हणजे 'आत जाईपर्यंत जरा ठेवा' म्हणून ते रिसॉर्टच्या व्यवस्थापकाकडे, गाडीच्या चालकाकडे किंवा फाटकाजवळच्या चहावाल्याकडे देणं. त्यांच्याकडे परवाना नसतो, त्यामुळे ते शस्त्र हातात घेताच अडचणीत येतात. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून जिप्सीत बसणंही शहाणपणाचं नाही. गाडी फोडली गेली, तर परवान्याच्या अटींनुसार शस्त्र सांभाळलं नाही, हा ठपका मालकावर येतो.

आजोबांचं पिस्तूल कपाटात सापडलं तर?

'ते दुसऱ्या महायुद्धातलं आहे, म्हणजे अँटिक. त्याला परवाना लागत नाही,' हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. कायद्यातली सूट अशा जुन्या शस्त्रांना आहे, जी दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकत नाहीत. १९१० चं पिस्तूल आज गोळी झाडू शकत असेल, तर ते कायद्याच्या नजरेत आजचंच पिस्तूल आहे.

परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाकडे आपोआप जात नाही. वारसाने शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि वारसा तत्त्वावर स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. २०१६ च्या नियमांत आणखी एक सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने ते शस्त्र २५ वर्षं बाळगलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याची प्रक्रिया सुरू करता येते. वारशाचं शस्त्रही दोनच्या मर्यादेत मोजलं जातं, हे लक्षात ठेवावं.

हे न करता पिस्तूल तसंच कपाटात राहिलं, तर ते बिनपरवाना शस्त्र ठरतं. त्याला २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. प्रतिबंधित बोअरचं असेल तर शिक्षा सात ते चौदा वर्षांची. आजोबांनी सैन्यातून आणलेलं म्हणून सांगितलं जाणारं ९ मिमी किंवा .४५ चं पिस्तूल या दुसऱ्या गटात येतं. तिथे पहिलं काम म्हणजे फोटो काढून टाकणं नव्हे, वकिलाचा सल्ला घेऊन ते रीतसर जमा करणं.

शौक जपायचा असेल तर?

पिस्तुलाची गोडी कायद्याच्या चौकटीतही मनसोक्त जपता येते. रायफल क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकणं हा त्याचा सरळ रस्ता. मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन जुनी संस्था आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्या प्रकारात वापरलं जातं ते .२२ चं पिस्तूल. म्हणजे सराव, शिस्त आणि अचूकतेसाठी मोठ्या बोअरची गरज नसते.

समाजमाध्यमांवर पिस्तुलासोबत फोटो टाकणं हे मात्र शौकाचं नव्हे, अडचणीचं लक्षण आहे. शस्त्र परवान्याचं असलं तरी त्याचं प्रदर्शन परवान्याच्या अटींना धरून नाही. बिनपरवाना असेल तर तो फोटो पोलिसांच्या हाती आयता पुरावा ठरतो. मित्राचं परवानाधारी पिस्तूल हातात घेऊन काढलेला फोटोही दोघांना अडकवू शकतो.

कोल्ट की वॉल्थर, हा वाद चालत राहील आणि त्यात मजाही आहे. पण ज्याच्या कपाटात खरोखर एखादं जुनं .३२ पडून आहे, त्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरं शोधावीत: परवाना कोणाच्या नावावर आहे, तो कुठपर्यंत चालतो आणि आज निघालेल्या वाटेवर तो कुठे संपतो. नागझिऱ्याच्या वाटेवर तो अभयारण्याच्या फाटकाशी संपतो.